दुसऱ्या घरातली कॉपी

गिऱ्हाइकांना झापण्यात कॉम्प्युटरवाल्याचा हात कुणी धरू शकत नसे. "काकू, डिस्कचे दोन भाग केले म्हणजे बॅकअप झाला होय? घरात भिंत घातली म्हणून आग थांबते का? एक कॉपी दुसऱ्याच्या घरी ठेवा, आपल्या माणसाकडे!" काकूही खमक्या. "तुझी कुणाकडे असते रे?" दुकानामागच्या खोलीत तो एकटा राहायचा आणि सगळ्या कॉप्या तिथेच असायच्या. काकू गेल्यावर त्यानं भांडून संबंध तोडलेल्या बहिणीला कित्येक वर्षांनी फोन लावला. "ताई, माझी एक डिस्क तुझ्याकडे ठेवशील?" "काय आहे त्यात?" "माझं सगळंच." "ठेवीन की." त्याचा जीव भांड्यात पडला. "आत्ता घेऊन येतो!" "कुरियर कर ना, तू कशाला येतोस? नवा पत्ता पाठवते." ताईनं घर बदलल्याचं त्याला तेव्हा कळलं.