हरेल त्याची भांडी

व्हिडिओगेममध्ये जो आधी मरेल त्याने भांडी घासायची, असा नवराबायकोचा नियम. रोज तीच मरायची. आज तिने कन्सोलच्या मागे गुपचूप, खेळात मरूच न देणारी चीटची डबी खोचली आणि साळसूदपणे खेळायला बसली. गोळ्या लागल्या, दरीत पडली, तरी मरेना! पण समोर नवराही मरेना. डबी कन्सोललाच लावल्यामुळे दोघंही अमर झाले होते! तिचं बिंग फुटलं, तसे दोघं हसून हसून लोळायला लागले. सिंकमधली भांडी तशीच.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “म्हणजे आता कुणीच मरत नाही?”

“नाही, आई!”

“मग तो रिमोट इकडे द्या,” म्हणत त्या मांडी ठोकून बसल्या. “मरायच्या भीतीने इतके दिवस हात लावला नव्हता. तुम्ही दोघं लागा भांड्यांना!”