बुजगावण्याचं वय

"आता खोटं बोलू नका, काका," अंकुर म्हणाला आणि त्याने टॅबलेट पुंजाजीच्या नाकापुढे धरला.

फोटो ड्रोनने वरून काढलेला होता. खाली पुंजाजीचं सोयाबीन आणि सोयाबीनच्या मधोमध शाळेच्या गणवेशातली एक पोरगी. आकाशी शर्ट, निळा स्कर्ट, डोक्याला लाल रिबिनी. वार मंगळवार, वेळ सकाळी अकरा.

पुंजाजीने फोटो पाहिला, मग मान वळवून शेतात पाहिलं. पोरगी अजून तिथंच उभी होती, दोन्ही हात पसरून.

"थे बुजगावनं हाय," तो म्हणाला.

अंकुरने आल्यापासून पहिल्यांदाच टॅबलेटवरून नजर काढली. पोरीच्या डोक्याच्या जागी मडकं होतं. मडक्यावर कोळशाने डोळे काढलेले होते आणि ती हसत होती.

अंकुरची कंपनी मानोऱ्याच्या आसपासचं सोयाबीन घ्यायची. त्याच्या तेलातून एक चिकट पदार्थ निघायचा, तो कुठल्या कुठं परदेशात जाऊन चॉकलेटात पडायचा. चॉकलेटवाल्यांनी ठरवलं होतं की कोकोच्या झाडापासून सोयाबीनच्या शेंगेपर्यंत कुठंही लेकराचा हात लागता कामा नये. पुंजाजीला ते मनापासून पटलं होतं. कंपनीच्या सभेत त्याने शपथ घेतली, वाटलेलं चॉकलेट जिभेवर घोळवून त्यात आपलं सोयाबीन शोधलं, ते सापडलं नाही, तरी शपथ पाळली. गेल्या हंगामात शाळा बुडवून वानरं हाकलणारी नात रुचिका यंदा एक दिवसही शेतात आली नव्हती.

"पण याला शाळेचा ड्रेस काहून घातला? तुमचे कपडे घालायचे ना."

"पह्यले माह्येच घातले होते. धोतर, बंडी, टोपी. वांदरं त्याच्या खांद्यावर बसून शेंगा खात. एकानं तं टोपीबी घालून पाह्यली." पुंजाजीला ते अजून लागलेलं होतं. "त्याइले भेव एकट्या रुचिकाचं. पोरीची गोफन चुकत नाइ. तिचा जुना ड्रेस चढवला, तवापासून एक वांदरू शेतात उतरलं नाइ."

अंकुरला पटलं. आता टॅबलेटला पटायचं होतं. त्याने 'बालक नाही' वर बोट ठेवलं, तसा टॅबलेटने वयाचा पुरावा मागितला.

"हिचं वय काय धरायचं?"

पुंजाजी विचारात पडला. बांधावर भाजी निवडत बसलेल्या त्याच्या बायकोने, कस्तुराबाईने, मान वर न करता सांगितलं, "मडकं पोळ्याच्या बाजारातून आनलं. महिना झाला अशीन."

अंकुर प्रामाणिक मुलगा होता. त्याने 'एक महिना' असं भरलं. वरची लाल पट्टी आणखी लाल झाली आणि खाली 'अतिगंभीर' अशी अक्षरं आली.

"आता दोनच रस्ते," तो कपाळ पुसत म्हणाला. "आजच्या आज हिला इथून काढा आणि हिच्या जागी मोठं माणूस दाखवा. नाहीतर अख्ख्या गावाचं नाव यादीतून जाईल."

"मोठ्या मानसाले वांदरं भेत नाइत." पुंजाजीने टोपी काढली, पुन्हा घातली. "म्हंजे मंग सोंगनी होईस्तोवर रुचिकालेच आनून उभी कराव लागन."

बालमजुरी बंद करण्यापायी बालमजुरी सुरू होत होती आणि फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

"पोरगी शाळेतून हालनार नाइ," कस्तुराबाई म्हणाली आणि पदर झटकून उठली.

ती सोयाबीनमधून सरळ चालत गेली. बुजगावण्याच्या रिबिनी सोडल्या, शर्ट काढला, स्कर्ट काढला. मडकं तसंच हसत राहिलं, थोडं लाजल्यासारखं. मग तिने लुगड्यावरून स्कर्ट चढवला, शर्टात हात घातले. बाई मुळात काडीसारखी. बटणं लागली नाहीत तिथं सेफ्टी पिना लागल्या. पांढऱ्या केसांच्या दोन वेण्या घातल्या, त्यावर लाल रिबिनी बांधल्या.

बांधावरच्या निंबावर वानरं जमलीच होती. म्होरक्या खाली उतरला, दोन पावलं पुढं आला आणि थबकला. कस्तुराबाईने ढेकूळ उचललं.

ढेकूळ फेकायची वेळ आली नाही. अख्खं टोळकं उड्या मारत थेट शेजारच्या दौलतसिंगच्या तुरीपर्यंत गेलं. कस्तुराबाई त्यांच्यामागं अर्ध्या शेतापर्यंत पळाली. त्याची काही गरज नव्हती.

"अवं, पडशीन ना," पुंजाजी म्हणाला, पण त्यालाच हसू आवरत नव्हतं.

अंकुरने फोटो काढला. तिचं आधार कार्ड पुंजाजीच्या मोबाइलात होतं. कामगार: कस्तुराबाई. वय: चौसष्ट. टॅबलेटने थोडा वेळ घेतला आणि पट्टी हिरवी झाली.

"एकच रकाना राहिला, काका. शिक्षण काय लिहू?"

"काइच नाइ. सात वर्साची होती तवापासून निंदाले जाये थे. शाळेत पाय नाइ ठेवला कदी. लिव, निरक्षर."

कस्तुराबाई शेताच्या मधोमध उभी होती. धाप लागलेली, एक रिबीन कानावर आलेली. तिथवर तिला ऐकू गेलं.

"त्याइचं काय आयकतं, बाबू," ती रिबीन घट्ट करत म्हणाली. "तू लिव, चालू हाय."