वरचा डावा दात

"कलिंगडाच्या बिया फार फोडता का आजोबा?" फतहुल्लांच्या तोंडात आरसा धरूनच डॉक्टर आनाहितनं विचारलं. "वरच्या डाव्या दाताला केवढी खाच पडलीय. अख्ख्या इस्फहानचे दात बियांनीच झिजलेत."

फतहुल्लांनी तिचा हात बाजूला सारला. गालाची सूज डोळ्यापर्यंत चढली होती, तरी त्यांचा आवाज तापला. "बिया? खानम डॉक्टर, पन्नास वर्षं नेय वाजवतोय मी!"

"बियाही खातात हो," कोपऱ्यातल्या खुर्चीवरून त्यांच्या बायकोनं, इशरत खानमनी सांगून टाकलं. "रोज वाटीभर."

फतहुल्लांनी तिकडं लक्ष दिलं नाही. नेय म्हणजे बोरूची बासरी. ती नुसत्या ओठांनी वाजत नाही. तिचं पितळी कडं चढवलेलं टोक वरच्या दोन दातांच्या फटीत टेकवायचं आणि जिभेनं फुंक वळवायची. दात हलला की सूर हलतो. फतहुल्लांचा दात तीन महिने हलत होता, आणि तीन महिने ते कुणाला बोलले नव्हते. आता मुळाशी पू झाला होता.

"काढावा लागेल," आनाहित म्हणाली. "आजच. नाहीतर शेजारचाही जाईल."

"हा गेला की माझा खर्ज गेला."

"नवा बसवून देते ना."

"नवा वाजेल, खानम डॉक्टर. पण माझ्यासारखा वाजेल का?"

आनाहितनं आरसा खाली ठेवला. मग म्हणाली, "नेय आणलीय का बरोबर?"

फतहुल्ला छताकडं बघू लागले.

"आणलीय," इशरत खानम म्हणाल्या. "कोटाच्या बाहीत आहे. यांना वाटतं, मला कळलं नाही."

"मग वाजवा. टोक नेमकं कुठं टेकतं ते बघू दे मला. नव्या दातालाही तिथंच खाच पाडून देते."

फतहुल्ला खुर्चीत सरळ बसले. बाहीतून नेय काढली, तिला रुमालानं पुसलं, टोक दाताला टेकवलं. पहिल्याच फुंकेला कळ मस्तकात गेली. डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी मान थोडी डावीकडं कलती केली, पुन्हा फुंकलं, आणि खर्ज लागला. भरदार, किंचित घोगरा. बाहेर एक बाई मघापासून फोनवर कुणाशी तरी भांडत होती, ती बोलायची थांबली.

"खाजू," इशरत खानम हळूच म्हणाल्या.

आनाहितनं त्यांच्याकडं वळून पाहिलं.

"खाजू पुलाखाली वाजवायचे हे. शुक्रवारी संध्याकाळी. तेव्हा नदी वाहायची. मी पायऱ्यांवर बसायचे, पाण्यात पाय सोडून. हे एकदा फुंकायचे आणि सूर कमानीतून दोनदा ऐकू यायचा. गर्दी व्हायची केवढी! एकदा माझी एक चप्पल वाहून गेली. सूर मोडेल म्हणून मी हाकसुद्धा मारली नाही. घरी अनवाणी आले."

"माझे बाबाही न्यायचे आम्हाला तिथं," आनाहित म्हणाली. "आता कोरडी ठणठणीत. माझ्या मुलीनं त्या नदीत पाणी पाहिलंय ते दोनदाच."

सूर वर चढत होता. तिथं दुखणं आवरेना, तेव्हा फतहुल्ला पुन्हा खाली उतरले आणि खर्जातच रेंगाळले. एकाच जागी, घराच्या उंबऱ्यावर घुटमळावं तसे. मग त्यांनी नेय खाली घेतली. टोकाला रक्त लागलं होतं.

"झालं बघून?"

आनाहित दचकली. तिच्या हातातल्या बॅटरीचा उजेड केव्हाचा भिंतीवर पडला होता.

"नाही," ती ओशाळून म्हणाली. "आणखी एकदा वाजवावं लागेल, उस्ताद."

त्यांनी वाजवलं. या वेळी तिनं वाकून नीट पाहिलं, कागदावर खूण केली, दातांचं माप घेतलं. मगच भुलीची सुई भरली.

दोन महिन्यांनी नवा दात बसला. रंग जुळत होता, खाच जागच्या जागी होती. घरी आल्यावर दोन दिवस फतहुल्ला नेयकडं फिरकले नाहीत. उगाच कुंड्यांना पाणी घालत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चूळ भरली, खिडकीपाशी गालिच्यावर मांडी घातली आणि टोक दाताला टेकवलं.

नुसता वारा आला.

त्यांनी नेय थोडी फिरवली. वारा. मान कलती केली, जीभ मागं घेतली, डोळे मिटले. तरी वाराच.

त्यांनी नेय मांडीवर आडवी ठेवली. "गेलं, इशरत."

इशरत खानम चहाच्या समोवाराशेजारी मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"लग्न होऊन मी या घरात आले ना, तेव्हा अख्खा हिवाळा नुसता वाराच ऐकला होता मी," त्या म्हणाल्या. "सासूबाई रोज म्हणायच्या, पोरी, याला काही हे यायचं नाही. तू आपली माहेरी जा, निदान सुखानं झोपशील तरी."

त्यांनी एक पिवळं पान खुडून बाजूला टाकलं.

"गेले का मी? फुंका."