ट्रंकेतला फेटा

स्टॅनलीच्या डोक्यावर फेटा चढवून मॅनेजर दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "परफेक्ट. अगदी महाराजा दिसतोस. आता दारात उभा राहा."

स्टॅनलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वसईहून दुबईला येऊन त्याला चौदा वर्षं झाली होती. वेटरचा कॅप्टन व्हायला त्यातली नऊ गेली. आणि आज दरवान सुट्टीवर, म्हणून हॉटेलातल्या जर्मन सिनेमा महोत्सवाला त्याला दारात उभं केलं. पण व्हिसा हॉटेलचा होता. तो मुकाट्याने उभा राहिला.

शेजारी भलंमोठं पोस्टर होतं. ओटो राइनके, मॅनेजरचे आजोबा, मूकपटांच्या काळातले नट, १९२१ सालच्या सिनेमातले हिंदुस्थानी महाराजा. फेटा त्यांचाच, आजीच्या ट्रंकेतला, ओरिजिनल, असं मॅनेजर सकाळपासून ज्याला त्याला सांगत होता. पोस्टरवरच्या मेल्याने उभ्या जन्मात हिंदुस्थान पाहिला नसेल. तोंडाला रंग फासून हा राजा झाला, आणि जन्माच्या सावळ्या माणसाच्या वाट्याला दार. स्टॅनली पोस्टरकडे बघून दात-ओठ खात होता.

तेवढ्यात व्हायला नको तेच झालं. स्टाफच्या कुटुंबांना मागच्या रांगेचे पास होते. त्याची बायको इनेज लेकीला, शेनॉनला, घेऊन आली. नऊ वर्षांची पोर बापाकडे बघतच राहिली.

"डॅडी, यू सेड यू आर द कॅप्टन."

"चल आत," इनेजने तिचा हात ओढला. शेनॉन जागची हलेना. स्टॅनलीला कुणाचं तरी मुस्काट फोडावंसं वाटलं.

मागोमाग मॅनेजरची आई आली. राइनकेची मुलगी, ब्याऐंशी वर्षांची, चाकांच्या खुर्चीत. फेटा दिसताच तिने खुर्ची थांबवायला लावली.

"हा कुठून आणलास?" तिने मुलाला इंग्रजीतच विचारलं, सगळ्यांना कळेल असं.

"आजोबांचा. सिनेमातला."

"सिनेमातला स्टुडिओने ठेवून घेतला. पुढे बोलपट आले आणि पप्पांना कुणी काम देईना. अकरा वर्षं ते बर्लिनच्या एका हॉटेलच्या दारात उभे होते. हा तिथला आहे."

मॅनेजरचा चेहरा खर्रकन उतरला. म्हातारीने रागाने मुलाकडे पाठ फिरवली. ती स्टॅनलीकडे वळली.

"घरी आले की पप्पा रोज हा भिंतीवर फेकायचे," ती म्हणाली. "तुम्ही इथेच फेका."