खिडकीची जागा

मैनाआजीसाठी खिडकीची जागा नातीनं, प्राप्तीनंच मागून घेतली होती. "लंडनपर्यंत नऊ तास आहेत. डोकं टेकून आरामात बसशील." अलिबागच्या डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, की पायात एकदा रक्ताची गाठ झालेली आहे, तासातासाला उठून चालायचं, नाहीतर गाठ सरकून छातीत जाईल. "मी उठवीन ना तुला," असं म्हणून प्राप्तीनं विमान लागू नये म्हणून गोळी घेतली आणि समोरच्या बॅगेवर पाय ताणून ती झोपली.

दुसऱ्या तासाला आजी उठायला गेली. पोरगी गाढ झोपलेली. तिला हलवणं आजीच्या जिवावर आलं. आणि ओलांडणं तर शक्यच नव्हतं. माहेरी ओटीवर दहा-बाराजणं ओळीनं निजायची, तेव्हा पाण्याला उठलेलं माणूस भिंतीच्या कडेकडेनं सगळ्यांना वळसा घालून जायचं. इथं वळशाला वाटच नव्हती. पाचव्या तासाला पोटरी ठणकू लागली. सातव्या तासाला ती हाताला गरम लागली, तेव्हा आजीनं तिच्यावर शाल ओढून घेतली.

विमान उतरल्यावर प्राप्तीला जाग आली. "आजी, एकदापण उठली नाहीस? मला ओलांडून जायचं ना."

"झोपल्या माणसाला ओलांडू नाय, बाय. त्याचं आयुष्य तुटतं."

"म्हणजे माझी शंभरी पक्की," प्राप्ती हसली आणि बॅग घेऊन पुढं निघाली.

आजी तिच्यामागं दोन पावलं चालली. तिला म्हणायचं होतं, जरा थांब गं. पण तेवढाही श्वास छातीत उरला नव्हता.