पहिला धडा

जूनमध्ये आरोहीचं नाव पहिलीत घातलं आणि दिवाळी होताच सत्यभामा तिला ऊसतोडीला सोबत घेऊन गेली. तिथं फडात, उसाच्या वाळल्या पाचटावर निजलेल्या लेकीवरून ट्रॅक्टर गेला.

होळीला गावी परतल्यावर, चार वर्षांच्या धाकट्या संस्कृतीला कडेवर घेऊन, सत्यभामा शाळेत थोरलीचं नाव कमी करायला गेली. ऐकून सरांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते काही खोटं नव्हतं. पण शाळेत पोरं होती मोजून वीस. एक जरी घटलं तरी शाळेला कुलूप लागणार, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

"नाव कमी करायची घाई कावून करता, बाई?" सर म्हणाले. "उद्यापासून हिला पाठवा."

"पर सर, हिचं वय कुठं बसतंय पहिलीला?"

"ते माझ्यावर सोडा."

सत्यभामाला गहिवरून आलं. इतकी माया कोण करतंय परक्याच्या लेकरावर! दुसऱ्या दिवशी तिनं थोरलीचा गणवेश टाचून धाकटीच्या अंगात घातला आणि थोरलीचंच दप्तर तिच्या पाठीला अडकवलं.

दुपारी पोर उड्या मारत घरी आली. गालात सरांनी शाबासकी म्हणून दिलेली गोळी होती.

"काय शिकवलं गं सरांनी?"

संस्कृतीनं हाताची घडी घातली, ताठ उभी राहिली आणि अजिबात न चुकता म्हणाली,



"माझं नाव आरोही."