शिवेवरची चिंच

वऱ्हाड शिवेवरच अडलं. अचलपूरकडून आलेल्या बैलबंड्या एकामागं एक थांबल्या. बायकांनी पदर नाकाला लावले. मुलीचा बाप भगवंतराव पाटील तेवढा नाक उघडं ठेवून हसत पुढं आला. हसणार नाही तर काय करेल? त्या घाणीचा धनी तोच होता.

घाण शेजारच्या पडित रानातून येत होती. गावची मेली ढोरं तिथंच टाकत. आधी ढोर टाकलं रे टाकलं, की शिवेवरच्या चिंचेवरून गिधाडं उतरायची. सांजेपर्यंत नुसता सापळा उरायचा. कुत्री लांब बसून जिभा चाटायची. पण पाटलाला गिधाडं दिसत, त्यांचं काम दिसत नसे. मिशीपलीकडचं त्याला दिसायचंच काय म्हणा!

दिवाळीनंतर नवरदेवाचे आईबाप मुलगी पाहायला आले, तेव्हा ते याच चिंचेखाली थांबले होते. सूर्यभानजी मान वर करून कितीतरी वेळ गिधाडांकडे पाहत राहिले. मग बायकोच्या कानात काहीतरी बोलले. तीही वर पाहू लागली. झालं! पाटलाच्या डोक्यात किडा शिरला. सोयरीक ठरली, तरी तो जाईना. गिधाड घरावर बसलं तर माणसं घर सोडतात, अन् इथं गावाच्या तोंडावरच त्यांची वस्ती. व्याह्याला अपशकुनच वाटला असणार.

"इवायाले एकदा इचारून तं पाहा," बायको दुर्गाबाई म्हणाली.

"चूप बस! तुले काय समजते?"

विचारलं असतं तर मिशी खाली आली असती ना! त्यानं माघात चिंच तोडली. घरटी पडली, अंडी फुटली, अन् हा गाढव कमरेवर हात ठेवून पाहत राहिला. पाखरं चार दिवस घिरट्या घालत होती. त्यांना गोफणीनं हाकलायला त्यानं गडी बसवला. मग ती गेली ती गेलीच.

चैतात ढोरं मेली आणि जागच्या जागी फुगली. पंचक्रोशीतली कुत्री जमली, खाऊन माजली, रस्त्यानं जाणाऱ्यावर धावू लागली. पाटील म्हणाला, "लग्न आटोपलं की पाहू."

आता त्यातलंच एक कुत्रं तोंडाला फेस आणून पडितातून धावत आलं आणि नवरदेवावर झेपावलं. शेला टरकन फाटला. त्याच्या आईनं किंचाळून पोराला बंडीत ओढलं. गाडीवानांनी काठ्या घातल्या तेव्हा कुत्रं मागं हटलं. गावातून वाजंत्री ऐकू येत होती. मांडवात नवरी पार्बता हळदीच्या अंगानं वाट पाहत बसली होती.

सूर्यभानजींनी इकडं तिकडं पाहिलं. "पाटील, अठीची चिंच कोठी गेली?"

पाटलाची छाती फुगली. अशा वेळीही फुगली! "तोडली. तुमच्यासाठीच तोडली, इवाई. ते अपशकुनी पाखरं तुमच्या डोयात खुपून राहिले होते, समजलो मी."

चपलेला लागलेल्या शेणाकडं पाहावं, तसं सूर्यभानजींनी त्याच्याकडं पाहिलं.

"माहा थोरला पिसायलेलं कुत्रं चावून मेला," ते म्हणाले. "आमच्या गावची गिधाडं गेली अन् कुत्र्यांचं राज आलं. उरला हा एक पोरगा. याले मी अठी आणू?"

त्यांनी हात वर केला. गाडीवानांनी बैल वळवले. पाटील बंडीमागं धावला, पागोटं सुटलं, तरी धावला. "इवाई, पोरीनं काय केलं? पोरगी तं पसंत होती ना तुमाले?"

सूर्यभानजींनी बंडी थांबवली नाही.

"पोरगी तं आमी नंतर पाहिली, पाटील. होकार त्या चिंचेखालीच देल्ला होता."